अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये डिझेलचा प्रवेश आणि माघार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फोर्ड, शेवरोले किंवा रॅम या नावांनी विकला जाणारा मोठा पिकअप ट्रक घेताना गिऱ्हाइकापुढे जो सर्वांत महाग निर्णय असतो तो इंजिनाचा. कारण तोच सांगाडा, तीच केबिन आणि तोच हौदा कायम ठेवून पेट्रोलचे इंजिन घेता येते, किंवा सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजून डिझेलचे. गुरे वाहणारे शेतकरी, बांधकामाचे कंत्राटदार आणि सुटीत घरासारखा ट्रेलर ओढत देशभर हिंडणारी निवृत्त जोडपी या निर्णयावर वर्षानुवर्षे वाद घालत आली आहेत, आणि त्यामुळे तो पिकअपइतकाच जुना असावा असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. पिकअपच्या शंभर वर्षांच्या इतिहासातील पहिली पन्नासहून अधिक वर्षे असा पर्याय व्यवहारात जवळपास नव्हताच. तो तेलटंचाई, कायद्याने आखलेल्या वजनाच्या रेषा आणि शेतीच्या यंत्रांसाठी घडवलेले एक इंजिन यांच्या योगाने आला, आणि ज्या गुणांसाठी लोकांनी डिझेल पत्करले तेच गुण पुढे त्यातून एकेक करून निघून गेल्यामुळे गेल्या दीड दशकात त्याची जागा पुन्हा आकसली.

कारखान्यातून तयार होऊन आलेला पहिला पिकअप म्हणून सामान्यतः फोर्ड कंपनीच्या १९२५ सालच्या मॉडेल टी गाडीचा उल्लेख होतो. तिच्या मागच्या बाजूला पोलादी हौदा बसवलेला होता आणि किंमत २८१ डॉलर होती. त्याआधी शेतकरी साध्या मोटारीच्या मागे सुताराकडून लाकडी पेटी ठोकून घेत असत. मॉडेल टीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची ताकद २० अश्वशक्ती होती, आणि धान्याची पोती किंवा दुधाचे कॅन गावातल्या रेल्वे स्थानकापर्यंत नेण्यास ती पुरत असे. १९०१ मध्ये टेक्सासातील स्पिंडलटॉप येथे तेलाचा मोठा साठा सापडल्यानंतर अमेरिकेत पेट्रोल मुबलक आणि स्वस्त झालेले होते. इंधनाची बचत हा गाडी निवडण्याचा निकष व्हावा अशी परिस्थितीच त्या समाजात नव्हती, आणि डिझेलचा सर्वांत मोठा गुण तर बचत हाच होता.

हा गुण कोठून येतो हे समजण्यासाठी दोन्ही इंजिनांच्या कामाच्या पद्धतीतील फरक लक्षात घ्यावा लागतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. मिश्रण वेळेआधी आपोआप पेटू नये म्हणून ते फार दाबता येत नाही, आणि ताकद कमी हवी असेल तेव्हा आत येणारी हवाच अडवावी लागते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात केवळ हवा दाबली जाते, आणि तीही मूळ आकारमानाच्या सतराव्या ते बाविसाव्या हिश्शात मावेल इतकी, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला की ते ठिणगीवाचून पेट घेते. अधिक दाबामुळे उष्णतेचा अधिक भाग कामी येतो, हवा अडवावी लागत नसल्याने हलक्या भारावर इंधन अगदी थोडे लागते, आणि डिझेल तेलाच्या एका गॅलनमध्ये, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरमध्ये, पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जाही जास्त असते. मात्र इतका दाब सोसण्यासाठी इंजिन जाड, जड आणि महाग करावे लागते, आणि अत्यंत नेमक्या क्षणी अत्यंत नेमके थेंब फेकणारा पंप लागतो. असा पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ पासून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला, तेव्हा कोठे रस्त्यावरच्या वाहनांत डिझेल बसवणे सोयीचे झाले.

अमेरिकेत या इंजिनाचा प्रचार करणाऱ्यांत क्लेसी कमिन्स यांचे नाव अग्रभागी येते. इंडियाना राज्यातील कोलंबस या लहान गावात विल्यम अर्विन नावाच्या सावकारी पेढीच्या मालकाकडे ते मोटार हाकत असत, आणि त्याच मालकाच्या भांडवलावर त्यांनी १९१९ मध्ये कमिन्स इंजिन कंपनी स्थापन केली. प्रारंभीची छोटी शेती-इंजिने फारशी चालली नाहीत. मंदीच्या तोंडावर, १९२९ च्या नाताळात, त्यांनी एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून अर्विन यांना फिरवून आणले. आणि १९३१ मध्ये इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत त्यांची डिझेल मोटार एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावली, असे करणारी ती पहिलीच गाडी होती. ती तेरावी आली. परंतु ट्रकमालकांना वेगापेक्षा न थांबण्याचेच अप्रूप होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत लांब पल्ल्याचे अवजड ट्रक हळूहळू डिझेलवर गेले. याच कंपनीने १९६२ मध्ये किर्लोस्कर उद्योगसमूहाच्या भागीदारीने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी काढली, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके नाही. पिकअपच्या बाबतीत मात्र साठच्या दशकापर्यंत काहीच हालचाल झाली नाही. डॉज कंपनीने त्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश बनावटीचे पर्किन्स डिझेल इंजिन देऊन पाहिले, पण अमेरिकी शेतकऱ्याने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेला होणारी तेलाची निर्यात थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा हे चित्र पालटले. १९७५ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने जो ऊर्जाविषयक कायदा केला, त्यानुसार प्रत्येक मोटार कंपनीला आपल्या विकलेल्या सर्व गाड्यांची मिळून इंधनाची एक किमान सरासरी गाठणे बंधनकारक झाले. याच सुमारास वजनाच्या रेषाही ठरल्या. येथे ‘वजन’ याचा अर्थ रिकाम्या गाडीचे वजन नव्हे, तर माल, माणसे आणि इंधन यांसह गाडीने वाहावे असे कारखान्याने घोषित केलेले कमाल वजन. ६,००० पौंडांखालील, म्हणजे सुमारे २,७०० किलोखालील, पिकअपना धूर शुद्ध करणारे उपकरण आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, म्हणून फोर्डने १९७५ मध्ये त्या रेषेच्या किंचित वर बसणारा एफ-१५० हा पिकअप काढला, जो पुढे देशातील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरला. त्यानंतर इंधन-सरासरीची मर्यादा ८,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास ३,८५० किलोपर्यंत, गेली आणि त्यावरचे अवजड पिकअप त्या हिशेबातून दीर्घकाळ मोकळे राहिले. डिझेलचा पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या रेषेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या रीतींनी घडला.

रेषेच्या खालच्या बाजूला सरासरी सुधारण्याची निकड होती, आणि त्या निकडीतूनच अमेरिकी डिझेलला सर्वांत मोठा धक्का बसला. जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबिल विभागाने १९७८ च्या वर्षासाठी ५.७ लिटरचे, १२० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणले. ते मुख्यतः मोटारींसाठी असले तरी शेवरोलेच्या हलक्या पिकअपमध्येही १९८१ पर्यंत मिळत असे. पेट्रोल इंजिनालाच डिझेलचा मुलामा दिला, असे त्याच्याविषयी नेहमी म्हटले जाते; ते पूर्ण खरे नाही, कारण त्याचा ओतीव गाभा बराच जाड केलेला होता. खरा दोष असा होता की जुन्याच यंत्रसामग्रीवर ते तयार करता यावे म्हणून सिलिंडरचे झाकण, ज्याला कारागीर ‘हेड’ म्हणतात, ते गाभ्याला आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाप्रमाणेच ठेवली गेली. हवा साडेबावीस पट दाबली जात असल्याने हे बोल्ट ताणले जात, मधले गॅस्केट फुटे, थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये उतरे आणि इंजिन निकामी होई. इंधनातील पाणी वेगळे करणारा फिल्टरही दिलेला नव्हता, आणि त्या काळच्या डिझेलमध्ये पाणी सर्रास असल्याने पंपही गंजत. इंजिनात पुढे सुधारणा झाल्या, परंतु तोपर्यंत मालकांचे सामूहिक दावे न्यायालयांत गेले होते, आणि १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले. काही डॉलर आणि काही महिने वाचवण्याच्या या निर्णयाची किंमत एका विभागापुरती राहिली नाही. ‘डिझेल मोटार’ या कल्पनेवरूनच अमेरिकी मध्यमवर्गाचा विश्वास एका पिढीसाठी उडाला, आणि युरोपात डिझेलची लोकप्रियता वाढत असताना अमेरिकेत ती का वाढली नाही याच्या कारणांत या बोल्टांना मोठे स्थान द्यावे लागते.

त्याच वर्षांत छोट्या डिझेल पिकअपचीही एक लाट येऊन गेली. फोक्सवॅगनने पेनसिल्व्हेनियातील कारखान्यात रॅबिट मोटारीचा पिकअप केला. इसुझु, टोयोटा, डॅटसन यांनी जपानी इंजिने आणली. फोर्डने रेंजरमध्येही डिझेल दिले. १९८६ मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत या सर्व गाड्या बाजारातून दिसेनाशा झाल्या. ही रिकामी जागा इतकी वर्षे तशीच राहिली की २०१० च्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीने छोटा डिझेल पिकअप अमेरिकेत नेण्याची बरीच तयारी केली. तो बेतही तडीस गेला नाही.

रेषेच्या वरच्या बाजूला वातावरण निराळे होते. तेथे इंधनाची सरासरी दाखवण्याचा दबाव नव्हता. गिऱ्हाईक ओझे ओढण्यासाठीच गाडी घेत होते, आणि त्याच्या अंगणात बहुधा डिझेलचा ट्रॅक्टर आधीच उभा होता. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ६.२ लिटरचे आणि फोर्डने १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे ६.९ लिटरचे डिझेल इंजिन दिले. दोन्हींत इंधन थेट सिलिंडरमध्ये न सोडता बाजूच्या लहान कप्प्यात सोडले जाई, ज्यामुळे आवाज कमी होई पण उष्णता वाया जाई. आणि दोन्हींत टर्बोचार्जर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून जास्तीची हवा आत कोंबणारा पंखा, मुळात नव्हता. १३० अश्वशक्तीच्या ६.२ लिटर इंजिनाने इंधन वाचवले, पण चढावर तो ट्रक पेट्रोलवाल्याच्या मागेच राहत असे. डिझेल हे तोपर्यंत काटकसरी माणसाचे इंजिन होते.

१९८९ साली डॉज कंपनीने ही समजूत मोडून काढली, आणि तीही अशा वेळी की तिच्या मोठ्या पिकअपचा मूळ आराखडा १९७२ चा होता आणि विक्रीत ती फोर्ड व शेवरोलेच्या फार मागे पडली होती. तिने कोलंबसच्या कमिन्स कंपनीकडून ५.९ लिटरचे ‘बी’ मालिकेचे इंजिन घेतले. केस या शेतीयंत्रांच्या कंपनीबरोबर भागीदारी करून ट्रॅक्टर, खोदाईयंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी ते घडवलेले होते. एका रांगेत सहा सिलिंडर, ओतीव लोखंडाचा गाभा, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी साखळी किंवा पट्टा नव्हे तर दंतचक्रे, इंधनाचा फवारा थेट सिलिंडरमध्ये, आणि मुळापासूनच टर्बोचार्जर. त्याचे वजन साडेचारशे किलोच्या घरात होते. त्याची ताकद १६० अश्वशक्ती होती, म्हणजे त्याच ट्रकमधल्या मोठ्या पेट्रोल इंजिनापेक्षाही कमी. परंतु त्याचा टॉर्क ४०० पौंड-फूट होता आणि तो मिनिटाला अवघ्या १,७०० फेऱ्यांवर मिळत असे. टॉर्क म्हणजे आस फिरवण्याचा पीळ. जड ट्रेलर जागचा हलवायचा किंवा घाट चढायचा तेव्हा हा पीळ कमी फेऱ्यांवर किती मिळतो हे महत्त्वाचे ठरते. अश्वशक्ती ही पीळ आणि फेऱ्या यांच्या गुणाकारावर ठरत असल्याने वेगाने गरगरणारे पेट्रोल इंजिन कागदावर सरस दिसले तरी ओझ्याखाली त्याला सतत खालचा गिअर शोधावा लागतो.

या इंजिनाचे यश केवळ पीळावर उभे नव्हते. इंधनाचा पंप संपूर्ण यांत्रिक होता, ठिणगीची व्यवस्था नव्हती, संगणक नव्हता. एकदा सुरू झालेल्या इंजिनाला चालू राहण्यासाठी इंधन तोडणारी झडप उघडी ठेवण्यापलीकडे विजेची गरज नव्हती. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते उघडता येई, आणि पाच लाख किलोमीटर चालूनही न उघडलेली इंजिने आढळत, तर त्या काळच्या पेट्रोल पिकअपला त्याच्या निम्म्या अंतरातच मोठे काम निघे. महाग गाडी घेऊन ती दुप्पट वर्षे वापरायची आणि विकतानाही चांगला भाव घ्यायचा, हा त्यामागचा शेतकी हिशेब होता, आणि तो अचूक होता. डॉजचा अंदाज मात्र चुकला; तिने धरलेल्या संख्येपेक्षा मागणी कितीतरी अधिक आली. याच बी मालिकेच्या आधारावर टाटा आणि कमिन्स यांची संयुक्त कंपनी १९९३ मध्ये जमशेदपूर येथे स्थापन झाली आणि पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही त्यांची इंजिने होऊ लागली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर धावणाऱ्या टाटांच्या अनेक ट्रकांचा आणि टेक्सासातल्या गुराख्याच्या पिकअपचा वंश एकच आहे.

डॉजच्या यशानंतर स्पर्धा सुरू झाली. फोर्डने १९९४ मध्ये विद्युत नियंत्रणाचे ७.३ लिटरचे इंजिन आणले. जनरल मोटर्सने इसुझुच्या भागीदारीने ओहायोत कारखाना उभारून २००१ मध्ये ६.६ लिटरचे ३०० अश्वशक्तीचे इंजिन दिले, ज्यात सिलिंडरांना सामायिक उच्चदाब नळीतून इंधन मिळे आणि त्यामुळे डिझेलचा जुना खडखडाट बराच शमला. २०१९ मध्ये डॉजच्याच परंपरेतल्या रॅमने १,००० पौंड-फुटांचा टप्पा गाठला. तीस वर्षांत पीळ अडीचपट झाला. आता डिझेल पिकअप हा काटकसरी माणसाचा राहिला नाही, तो ताकदीचा आणि प्रतिष्ठेचा झाला, आणि ज्यांना कधी काही ओढायचे नव्हते असे शहरी गिऱ्हाईकही तो घेऊ लागले.

याच काळात दोन गोष्टींनी जुना हिशेब आतून पोखरला. पहिली इंधनाच्या भावाची. २००४-०५ च्या सुमारापर्यंत अमेरिकेत डिझेल बऱ्याचदा पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळे. त्यानंतर ते बहुतेक काळ महाग राहिले, कारण जगभर मालवाहतुकीची मागणी वाढली, गंधक काढण्याचा खर्च वाढला, आणि गॅलनमागे संघराज्याचा कर पेट्रोलवर १८.४ सेंट असताना डिझेलवर २४.४ सेंट होता. शेतावर ट्रॅक्टरसाठी करमुक्त डिझेल मिळते, पण ते लाल रंगवलेले असते आणि सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत सापडल्यास दंड होतो, त्यामुळे अंगणातल्या टाकीचाही पिकअपला उपयोग नव्हता. भारतात याच्या नेमके उलट घडले: ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकारी धोरणाने पेट्रोलच्या खाली राखला गेल्याने मालवाहू टेम्पो डिझेलचाच घ्यायचा हे येथे गृहीत धरले जाई.

दुसरी गोष्ट धुराची. डिझेलच्या धुरातील काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुप्फुसांना अपाय करतात, आणि महामार्गांच्या कडेला राहणाऱ्या वस्त्यांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. त्यामुळे या धुरावर नियम येणे योग्यच होते. २००६ पासून इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १५ भागांवर आणले गेले, २००७ पासून काजळी अडकवणारी गाळणी आली, आणि २०१० नंतर बहुतेक इंजिनांत युरियाचे द्रावण धुरात फवारून नायट्रोजन ऑक्साइडे नष्ट करणारी यंत्रणा आली. हवा स्वच्छ झाली. गाडी मात्र गुंतागुंतीची झाली. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धूर खूप तापावा लागतो, आणि तो महामार्गावर दीर्घकाळ ओझे ओढतानाच नीट तापतो. घर ते बांधकामाची जागा असा पाच मैलांचा फेरा करणाऱ्या किंवा तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत ती तुंबते. खर्चाचा भार अशा रीतीने सर्वांत जास्त त्या लहान व्यावसायिकावर पडला, ज्याला हे इंजिन साधेपणामुळे प्रिय झाले होते.

त्याची एक अनिष्ट प्रतिक्रिया म्हणून ही उपकरणे बेकायदेशीरपणे काढून टाकणारी दुकाने निघाली, आणि काही तरुणांनी काळा धूर मुद्दाम सोडण्याला शौर्य मानले. कारखानदारही निष्कलंक राहिले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केले की २०१३ नंतरच्या लाखो रॅम पिकअपच्या इंजिनांत धूर-नियंत्रणाला बगल देणारी व्यवस्था असल्याच्या आरोपावरून कमिन्स कंपनी १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्यास तयार झाली आहे. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही. १९३१ मध्ये न थांबता धावून नाव कमावणाऱ्या कंपनीच्या इतिहासात ही नोंद खेदाची आहे.

पेट्रोलची बाजू या काळात स्वस्थ बसलेली नव्हती. फोर्डने २०११ मध्ये एफ-१५० साठी ३.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोचार्जर लावलेले पेट्रोल इंजिन आणले, ज्याचा ४२० पौंड-फूट पीळ मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर मिळे, म्हणजे १९८९ च्या कमिन्सपेक्षा जास्त पीळ हलक्या गाडीत आणि गाळणी-युरियाच्या कटकटीवाचून. हलक्या पिकअपमध्ये डिझेल पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न त्यामुळे फळले नाहीत. फोर्डने २०१८ मध्ये आणलेले ३ लिटरचे डिझेल २०२१ मध्ये आणि रॅमने २०१४ मध्ये आणलेले २०२३ मध्ये बंद झाले, आणि जनरल मोटर्सचे तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन तेवढे टिकून राहिले.

अवजड गटात २०२० साली फोर्डने जे ७.३ लिटरचे नवे पेट्रोल इंजिन काढले त्याची रचना या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे: ओतीव लोखंडाचा गाभा, गाभ्यातच बसवलेला एकच कॅमशाफ्ट, टर्बोचार्जर नाही. त्या वर्षी त्याचा पीळ ४७५ पौंड-फूट होता आणि त्याच ट्रकमधल्या डिझेलचा १,०५०. डोंगराळ प्रदेशांतून दहा-बारा टनांचा ट्रेलर नेणाऱ्याला ही तूट भरून काढता येत नाही, आणि तो आजही डिझेलच घेतो. परंतु नगरपालिकांचे हिमनिवारक ट्रक, वीज कंपन्यांच्या दुरुस्तीगाड्या आणि गावातल्या गावात फिरणारे नळकाम करणारे यांच्यासाठी साधे, स्वस्तात दुरुस्त होणारे आणि थंडीत सहज सुरू होणारे इंजिन हे आता पेट्रोलचे आहे.